ढाळ आणि चाकं

कामावर त्याला सगळे ‘ढाळ’ म्हणत. मोरी असो, गच्ची असो, पाणी कुठल्या उताराने जाणार हे ठरल्याशिवाय तो थापीला हात लावत नसे. जन्मभर गवंडीकाम केलं आणि गुडघे गेले तेव्हा सोडलं. हत्यारांना तेल लावून ती पोत्यात बांधली आणि पोतं माळ्यावर टाकलं. टाकताना वाईटसुद्धा वाटलं नाही, इतका तो दमला होता.

मग थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं आणि ताई चाकांच्या खुर्चीत बसली. ती मुलीकडे राहत होती. भाचीने घर नवंच घेतलेलं. फाटकापासून दारापर्यंत नुसती माती. खुर्ची तिच्यात रुतायची. भाची कामावरून येईपर्यंत ताई दारातच. तिला फार काही नको होतं. आपल्या हाताने चाकं फिरवत फाटकापर्यंत जायचं, येणारी-जाणारी माणसं बघायची आणि कोणाला हाक न मारता परत यायचं, एवढंच.

भाचीला तिथून गाडीही आत घ्यायची होती. त्या रस्त्याला ती ड्राइव्हवे म्हणायची. तिने बघितलेला ठेकेदार म्हणाला होता, आहे त्या मातीवर खडी पसरू, वर काँक्रीट ओतू, परवा गाडी लावा. हे ऐकून मामा तडक घरी आला. त्याने माळ्यावरचं पोतं खाली ओढलं.

बायकोने विचारलं, “गुडघे कोणाचे उसने आणलेत?”

“ताईचं काम आहे.”

“मग बोलणंच खुंटलं,” ती म्हणाली आणि पोत्याची गाठ सोडायला बसली.

त्याने दोन गडी घेतले. आधी भुसभुशीत माती सगळी उचलायला लावली. एका जागी पहार नुसती टेकवली तर आपल्या वजनानेच आत गेली. घर बांधणाऱ्याने तिथला खड्डा राडारोडा टाकून बुजवला होता. तोही उपसायला लावला. गडी कुरकुरले की वरून हे कोणाला दिसणार आहे? तो म्हणाला, गाडी खचली की दिसेल. मग खडीमातीची भर. एकदम नाही, थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुमस मारून तो ठोकून बसवायचा, मग पुढचा थर. धुमस थोडा वेळ त्याने स्वतः मारला, आणि मग पालथ्या घमेल्यावर बराच वेळ बसून राहिला.

लोखंडी जाळी तळाशी लोळू नये म्हणून तिच्याखाली दगडाचे तुकडे सरकवले. काँक्रीट पातळ केलं की भराभर पसरतं, म्हणून गड्यांचा हात सारखा पाण्याकडे जाई. शेवटी पाण्याची बादली त्याने आपल्याच पायांशी ठेवली. ऊन-थंडीने फुगायला-आकसायला जागा म्हणून मध्ये सांधे सोडले, घराच्या भिंतीलगत फट सोडली. काँक्रीट घट्ट झाल्यावर ओली गोणपाटं पसरून रोज पाणी मारलं. भाची दर दोन दिवसांनी विचारायची, मामा, आता गाडी आणू? तो फाटकात फळी आडवी टाकून बसायचा.

ढाळ त्याने सढळ हाताने दिला. एकदा मोठ्या पावसात पाणी ताईच्या खोलीत शिरलं होतं, ते त्याच्या डोक्यात होतं. जमीन दारापासून फाटकापर्यंत सपाट. तेव्हा उतार आडवा, घराच्या भिंतीकडून पलीकडच्या गटाराकडे. गोणपाटं काढली त्या दिवशी त्याने भिंतीकडे बादली ओतली. पाणी सरळ गटारात गेलं. मागे थेंब राहिला नाही. बरं वाटलं त्याला.

मग ताईची खुर्ची दारातून खाली उतरवली.

चार हात गेली आणि खुर्ची गटाराकडे वळली. ताईने एक चाक धरून ठेवलं, दुसरं रेटलं. सरळ झाली, पुन्हा वळली. निम्म्या वाटेत तिचा हात थकला आणि ती गटाराच्या काठाशी तिरकी थांबली. भाची म्हणाली, “आई, सवय होईल.” तो वाकून चाकांतली हवा बघायला लागला. हवा ठीक होती.

“धाकट्या,” ताई म्हणाली, “तुझ्या ढाळावरून पाणी जातं तिकडेच मीही जातेय.”

त्याने पुन्हा चाक दाबून बघितलं.

“माझं ऐकू नकोस. तू बस आणि बघ.”

ताईला बाकड्यावर बसवलं आणि तो खुर्चीत बसला. फाटकापर्यंत जाऊन परत आला. विटा उचललेले खांदे त्याचे, तरी एका खांद्यात कळ आली. उतरल्यावर त्याने रस्त्याकडे बघितलं. तडा नाही, पोकळ आवाज नाही, कुठे पाणी तुंबत नाही. जन्मभर त्याने पाण्याचाच विचार केला होता. चाकांवरच्या माणसाचा करायचा राहिला होता.

भाची म्हणाली, वरून थोडं काँक्रीट ओतून सारखं करता येईल की. तो म्हणाला, तसला पातळ थर पापुद्र्यासारखा सुटतो, फोडावंच लागेल. सगळं नाही, भिंतीकडची, खुर्ची जाईल एवढी पट्टी.

या वेळी मोजमाप ताईकडून घेतलं. रस्त्यावर रुंद फळी टाकली, गटाराकडच्या कडेखाली लाकडाच्या चिपा सरकवल्या आणि तिला खुर्चीसकट फळीवर घेऊन चाकं फिरवायला सांगितली. वळली की आणखी एक चीप. खुर्ची सरळ चालायला लागली तेव्हा फळीला अगदी जरासा ढाळ उरला होता. पाणी सरकेल, चाक ओढलं जाणार नाही, इतकाच. तो त्याने भिंतीवर खडूने आखून ठेवला.

मग घण घेतला. काँक्रीट हटेना. कुठे कसर ठेवलीच नव्हती तर हटेल कसं? एक गडी हळूच म्हणाला, काका, जरा वाईट केलं असतं तर आज बरं झालं असतं. तो हसला आणि त्या हसण्याने दमून खाली बसला. ताई दारातून म्हणत होती, राहू दे रे, उद्या कर. उद्या गुडघे उठू देतील याची त्याला खात्री नव्हती. तो उठला.

पट्टी फोडली. खालची भर भिंतीकडून तासून उतरवली, पुन्हा धुमस मारला. पुन्हा जाळी, पुन्हा काँक्रीट, पुन्हा गोणपाटं. या खेपेला भाचीने गाडीचं नाव काढलं नाही.

ताई निघाली तेव्हा तो तिच्या खोलीत गुडघ्यांना शेक देत पडला होता. चाकांचा आवाज दारातून लांब गेला आणि थांबला. बराच वेळ झाला तशी भाची बघायला निघाली.

“बस गप,” तो म्हणाला. “बोलावलंय का तिने?”