कात्रीबुवांची पानगळ

पानगळ लागली की कात्रीबुवांच्या अंगात वारं शिरायचं. लोकांच्या अंगणातल्या द्राक्षवेली छाटणं हा त्यांचा धंदा आणि छाटता छाटता प्रवचन झोडणं ही त्यांची खोड, म्हणून तर नावाला बुवा चिकटलं. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी कात्रीला तीनदा तेल दिलं, चहा तसाच गार होऊ दिला आणि "उरक, उरक" करून लेकीला भंडावून सोडलं. वाचनालयाच्या अंगणातली वेल छाटायची होती. अडतीस वर्षं तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

लेक दहा वर्षं त्यांच्याबरोबर शिडी वाहत होती, काड्यांच्या मोळ्या बांधत होती. कात्री मात्र बुवांनी तिच्या हाती एकदाही दिली नाही. "अजून वेळ आहे," म्हणायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिडी बंद करायला सांगितलं होतं, तेही बुवांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

वाचनालयात पोचताच ते सरसर वर चढले आणि सुरूच झाले. ग्रंथपालबाई खिडकीत आल्या होत्या, म्हणजे श्रोतेही आयतेच.

"बाई, पानगळ म्हणजे झाडाचा उपास. लोकांना वाटतं, मेलं. अहो, जीव आत मुळाशी जाऊन बसलाय. आपण देवापुढे नुसते हात जोडतो, मूठ काही उघडत नाही. झाड बघा, वर्षातून एकदा सगळं देऊन मोकळं!"

कात्री कटाकट चालली होती. यंदाची नवी काडी राखायची, तिच्यावर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या दोन जागा ठेवायच्या आणि जुनी वाळकी काडी काढून टाकायची, एवढंच ते शास्त्र. लेकीने पायाशी पडलेली एक काडी उचलली. तपकिरी, गुळगुळीत, टपोऱ्या डोळ्यांची. दुसरी उचलली, तीही तशीच. वेलीवर राहिलं होतं ते सगळं राखाडी.

"बाबा, थांबा."

"मध्ये बोलू नकोस."

"बाबा, तुम्ही नवी कापताय."

बुवांनी समोरच्या काडीवरून अंगठा फिरवला. जुन्या काडीचा सुटतो तसा सालीचा पापुद्रा सुटून हातात आला. एवढ्या भागात पुढच्या वर्षी एक घड धरणार नव्हता, आणि आणखी थोडं पुढे गेले असते तर वेलच हातची गेली असती. "उजेड कमी आहे," असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण भर अकराचं ऊन होतं, सावली धरायला एक पान शिल्लक नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली. अडतीस वर्षं जगाला सोडायला शिकवलं आणि स्वतःची मूठ अशी घट्ट! त्या उघड्या वेलीकडे बघताना त्यांना एकदम हसूच फुटलं, डोळ्यांत पाणी असताना.

ते एकेक पायरी चाचपत खाली उतरले आणि कात्री लेकीपुढे धरली.

"चढ. अगं, बघतेस काय, चढ लवकर!"

ती चढली. बुवांनी शिडी धरली. पहिला काप ऐकला तेव्हा त्यांच्या छातीत असं धडधडायला लागलं, जणू आजच त्यांना कुणी कामावर घेतलं होतं. लेक भरभर कापत गेली. मग थांबली.

"बाबा, दारावरचा हा जाड फाटा पोकळ झालाय."

तो फाटा बुवांनी अडतीस वर्षांपूर्वी, पहिल्याच वर्षी दारावर वळवला होता. तो आतून पोकळ होत चाललाय हे कळूनही गेली नऊ वर्षं त्याला हात लावायचा त्यांना धीर झाला नव्हता. 'नको' अगदी जिभेवर आलं.

"तुला काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"संपलाय. पण खालून नवी काडी आलीय. तिला जागा होईल."

"मग मला कशाला विचारतेस?"

त्यांनी पिशवीतून करवत काढून वर दिली. लाकडाचा भुसा त्यांच्या टोपीवर, खांद्यांवर पडू लागला.

"पडेल आता. बाजूला व्हा, बाबा."

बुवा हसत हसत बाजूला झाले.