रफूमामांचा निळा शर्ट

रफूमामांना फुकटच्या कामाची चीड होती. फुकट करून घेणाऱ्याची नव्हे, फुकट करणाऱ्याची. त्यांचं म्हणणं असं, की पैसे न घेता काम करणारा माणूस टाके लांब घालतो, कारण त्याला जाब कोण विचारणार? त्यामुळे निवाऱ्यात शेजारच्या खोलीत राहणाऱ्या ड्रायव्हरने जेव्हा सांगितलं, की गल्लीच्या टोकाला लाँड्रीच्या वर एक वकीलबाई बसते आणि आपल्यासारख्या आश्रय मागणाऱ्यांच्या केसेस फुकट लढते, तेव्हा मामा म्हणाले, "मग हरतही फुकटच असेल."

"तुम्ही आधीच हरलाय मामा," ड्रायव्हर म्हणाला. "आता अजून काय हरणार? चपला?"

ते खरंच होतं. या देशात राहू द्या म्हणून मामांनी केलेला अर्ज फेटाळला गेला होता. उरलं होतं फक्त अपील. तेही गेलं, की मामा आणि मामींना विमानात बसवून जिथून पळून आले तिथेच परत सोडणार होते.

मामांचा धंदा रफूचा. रफू म्हणजे शिवण नव्हे. शिवणारा दोन कडा ओढून जवळ आणतो, रफूवाला गेलेलं कापड पुन्हा विणतो. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसायचे. आधी उभे घालायचे, मग आडवे, एक वर, एक खाली. टोकं आतल्या बाजूला आखूड सोडायची. शेवटी ओल्या फडक्यावरून इस्त्री. मामा गिऱ्हाइकाला सांगायचे, "डोळे मिटा आणि बोट फिरवा. सापडलं तर पैसे देऊ नका." मामींनाही त्यांनीच शिकवलं. मामींच्या कामाला चांगलं असं ते कधी म्हणाले नाहीत. "ठीक आहे" म्हणाले, की मामींनी समजायचं, आज हात बरा चालला.

तिकडे त्यांचं स्वतःचं दुकान होतं, लहान पण बाजारात. एके दिवशी फौजदार एक शर्ट घेऊन आला. संपातल्या एका हमालाचा. हमाल पळताना गच्चीवरून पडून मेला, असं पोलिसांचं म्हणणं. शर्टाच्या पाठीला मात्र गोल भोक होतं आणि त्याच्या कडा जळलेल्या होत्या. चौकशीत कपडे दाखवावे लागणार होते.

"असं बुजव, की त्याच्या आईलाही दिसता कामा नये," फौजदार म्हणाला.

मामांनी शर्ट उलटा करून पाहिला, घडी घातली आणि परत दिला. "हे काम मी करणार नाही."

"जमत नाही?"

"जमतं. म्हणूनच नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान पेटलं. मामा आतून गिऱ्हाइकांचे कपडे ओढून काढत होते, तेव्हा मागून कुणीतरी त्यांच्या खांद्याच्या फऱ्याखाली सुरा खुपसला आणि कानाशी म्हणालं, "हे बुजव आता."

घरी आल्यावर मामांनी मामींना सांगितलं, शटरचा पत्रा लागला. फौजदाराशी वाकडं आलंय, इथे राहण्यात राम नाही, एवढंच पुढे सांगितलं. वाकडं कशावरून आलं ते गिळलं. कारण मामी काय म्हणतील ते त्यांना पाठ होतं: एक भोक बुजवलं असतंत, तर घरदार राहिलं असतं. मामींनी हे वाक्य कधी उच्चारलेलं नव्हतं. मामांना मात्र ते रोज ऐकू यायचं.

रक्ताने भरलेला निळा शर्ट त्यांनी टाकला नाही. कापड चांगलं होतं, आणि कापड टाकायची त्या घराला सवयच नव्हती. मामींची पाठ वळल्यावर तो तसाच गुंडाळून त्यांनी पिशवीच्या तळाशी कोंबला आणि वर सुयांचा डबा ठेवला.

इथे आल्यावर पहिल्याच मुलाखतीत घोळ झाला. नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं. मामांनी सुरा सांगितला. मामींनी पत्रा सांगितला, कारण त्यांना तेच माहीत होतं. दोघांचं म्हणणं जुळत नाही, जखम अपघाताची असू शकते, माणूस विश्वासार्ह वाटत नाही, असा शेरा पडला. तो कागद मामांनी मामींना कधी वाचून दाखवला नाही.

वकीलबाईंच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाणी तापवायची किटली आणि खालून येणारी साबणाची वाफ. बाई पस्तिशीच्या असतील. जेवताना वाचायच्या, वाचता वाचता जेवण विसरायच्या. मामांना त्यांनी तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावली. फौजदार आधी काय बोलला? शर्ट कुठल्या हातात होता? आग आधी, की सुरा आधी? मामा वैतागले. "बाई, मी काय खोटं बोलतोय?"

"नाही. पण कोर्टात बसलेला माणूस उलट्या बाजूने बघणार आहे. म्हणून मी आधीच उलट करून बघते."

 ही भाषा मामांना कळत होती. खुर्चीच्या पाठीवर बाईंचा काळा कोट होता, काखेत अस्तर उसवलेलं. त्या वाचत असताना मामांनी खिशातली सुई काढली आणि बसल्या बसल्या ते नीट करून ठेवलं. निवाऱ्यात परतल्यावर ड्रायव्हरला म्हणाले, "फुकट आहे, पण टाका बारीक घालते."

"अरे वा! म्हणजे आता देवाचाही नंबर लागेल तुमच्याकडे पास व्हायला."

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "त्या दिवशी अंगावर काय होतं?"

"निळा शर्ट."

"गेला असेल तो."

"आहे की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "धुतलाय?"

"नाही."

"मामा! हे आत्ता सांगताय?"

"कुणी विचारलंच नाही."

बाईंच्या ओळखीच्या एका डॉक्टरने, तोही फुकटच, मामांची पाठ तपासून धारदार पात्याची जखम असल्याचं लिहून दिलं होतं. पण डॉक्टर तुमच्याच ओळखीचा, असं सरकारी वकील म्हणणार. शर्ट कुणाच्या ओळखीचा नव्हता. वणाच्या बरोबर जागेवर चीर, भोवती रक्त.

"पत्र्याने कापड फाटतं," मामा म्हणाले. "धागे ओढले जातात, कडेला झिपऱ्या निघतात. सुऱ्याने सरळ कापलं जातं. आंधळ्यालाही कळेल."

"अगदी हेच कोर्टात बोला. शर्ट मंगळवारी घेऊन या, फोटो काढून ठेवू. आणि मामा, मामींना खरं काय ते सांगून टाका. आता घरात दोन गोष्टी नकोत."

"सांगतो," मामा म्हणाले.

मंगळवारी ते गेलेच नाहीत. एका खोलीचा संसार. पिशवी उपसली, तर मामी विचारणार, हे काय काढताय? मग सगळंच काढावं लागणार. उद्या बघू, असं करत त्यांनी ते ढकललं. बाईंच्याही डोक्यातून फोटो गेला. त्या दिवशी त्यांच्या एका अशिलाला बायकापोरांसकट परत पाठवत होते आणि बाई विमानतळावर स्थगितीसाठी धावपळ करत होत्या. असे अशील बाईंकडे ढिगाने होते आणि बाई एकच.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला निघताना, चपलेत पाय घालत मामा म्हणाले, "अगं, पिशवीच्या तळाला निळा शर्ट आहे. काढून ठेव. उद्या कोर्टात लागणार आहे."

"कोणता? तो त्या दिवशीचा?"

"तोच."

मामींनी अजून काही विचारलं असतं, पण मामा दाराबाहेर पडले होते.

सकाळी खाटेवर कागदात बांधलेलं पुडकं होतं, सुतळीला नीट गाठ मारलेलं. दुसऱ्याने घातलेली काजाची गाठसुद्धा तपासून घेणारे मामा, त्या दिवशी त्यांनी पुडकं सोडून पाहिलं नाही. तो शर्ट डोळ्यांसमोर नको होता. काखोटीला मारला आणि निघाले. मामी मागून चालत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काम वेळेत उरकल्याचं समाधान होतं.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी. समोर जज्ज, बाजूला सरकारी वकील, मामांच्या शेजारी दुभाषी. मामी मागच्या बाकावर. बाईंची दुसऱ्या खोलीतली केस लांबली होती, त्या धापा टाकत आल्या तोवर पुकारा झालेला. शर्ट सादर करणार असं त्यांनी कोर्टाला आधीच कळवलं होतं. त्यांनी पुडकं घेतलं आणि टेबलावर सोडलं.

आतून धुतलेला, इस्त्री केलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला निळा शर्ट निघाला.

बाईंनी तो पालथा घातला. पाठ कोरी. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामा उठले, परवानगी न विचारता टेबलाशी गेले आणि पाठीवरून बोट फिरवलं. सापडलं नाही. पुन्हा फिरवलं. मग शर्ट उलटा केला. आतल्या बाजूला, उजव्या खांद्याखाली, धाग्यांची आखूड टोकं ओळीने उभी होती. अगदी त्यांनी शिकवल्यासारखी.

"इथे आहे," मामा म्हणाले. "इथे चीर होती."

सरकारी वकील जवळ येऊन वाकून बघून गेला. "इथे काहीतरी दुरुस्ती दिसते. आधी काय होतं, ते कसं कळणार? आणि रक्त?"

"होतं."

"आपला धंदा काय म्हणालात?"

"रफूचा."

"म्हणजे कापड कापून पुन्हा भरणं आपल्या हातचा मळ."

"हे मी केलेलं नाही. बायकोने केलंय."

"कधी?"

"काल."

"आपल्या सगळ्या केसचा आधार असलेला शर्ट आपल्या पत्नीने काल धुऊन, रफू करून दिला. तो कशासाठी हवाय, ते त्यांना माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"आपल्याला सुरा मारला, हेही नाही?"

मामांनी मागे वळून पाहिलं. "नाही."

"मारला असता, तर बायकोला तरी माहीत असतं," सरकारी वकील म्हणाला आणि बसला.

बाईंनी मग जिवाचं रान केलं. मामांकडून हमालाचा शर्ट, फौजदाराचे शब्द, कानाशी आलेला तो आवाज, सगळं सविस्तर वदवून घेतलं. मामी मागे बसून पहिल्यांदाच ऐकत होत्या. मधेच त्या उभ्या राहिल्या. "साहेब, डाग होता. भलामोठा होता. मिठाच्या पाण्यात भिजवून घासला, तेव्हा निघाला. मी घासला."

दुभाष्याने ते सांगितलं. जज्जसाहेबांनी त्यांना सौम्यपणे खाली बसायला सांगितलं. माणूस उर्मट नव्हता. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने निकाल वाचला. पत्नीचा पहिला जबाब पत्र्याचा आहे. डॉक्टरचं मत एकटं पुरेसं नाही. शर्टावरून काहीच सिद्ध होत नाही, मात्र दुरुस्तीचं काम अप्रतिम आहे, हे नमूद करायला हवं. अपील फेटाळलं.

बाहेर व्हरांड्यात बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "मामा, मी सांगितलं होतं ना, घरी बोला म्हणून."  मग त्याच म्हणाल्या, "आणि फोटो मी काढायला हवा होता. मंगळवारी नाही आलात, तर बुधवारी मीच यायला हवं होतं."

"पुढे काय?" मामांनी विचारलं.

"वरचं कोर्ट आहे. पण तिथे शर्ट बघत नाहीत, माणूसही बघत नाहीत. जज्जने कायद्यात चूक केली असेल, तर तेवढीच बघतात. मला अजून चूक दिसलेली नाही. शोधते." शिपायाने आतून दुसऱ्याच कुणाची केस पुकारली. बाईंनी कोट सारखा केला आणि त्या आत गेल्या.

मामा आणि मामी बाकावर बसले. शर्ट मामींच्या मांडीवर होता. येणारे-जाणारे त्यांचे पाय ओलांडून जात होते.

"पत्र्याचं नव्हतंच ते," मामी म्हणाल्या.

"ऐकलंस ना आत."

"आत नाही. काल सुई घेऊन बसले, तेव्हाच कळलं. कडा सरळ होत्या. पत्र्याने असं होतं का?"

मामा त्यांच्याकडे वळले. "मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही मला पत्रा सांगितलात. म्हटलं, यांना झाकायचंय. शर्ट चार लोकांत जाणार, कोर्टात जाणार. म्हणून नीट झाकलं." त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली. "दोनदा उसवून घातलं. पहिल्यांदा बोटाला लागत होतं."

मामा खाली बघत होते. इतके महिने ऐकू येणारं ते वाक्य आता येणार, म्हणून ते अंग चोरून बसले होते. ते येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच काढलं. "एक भोक बुजवलं असतं, तर घर राहिलं असतं. म्हण की."

"मी कशाला म्हणू?" मामी एकदम चिडल्या. "मेलेल्या माणसाच्या पाठीवरचं भोक? मला सांगितलं असतं, तर मी हात तरी लावला असता का त्या शर्टाला? काय समजता तुम्ही मला?"

 मामांनी मामींच्या मांडीवरचा शर्ट ओढून घेतला, डोळे मिटले आणि पाठीवरून बोट फिरवलं. वरून खाली, मग आडवं.

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

मामींनी तोंड फिरवलं. "हे आज म्हणताय."

शिपाई आला. बाक पुकाऱ्याची वाट बघणाऱ्यांसाठी आहे, तुमचं काम झालं असेल तर उठा, म्हणाला. दोघं उठले.