छतं कोणी रंगवायची

दोघे भाऊ मिळून घरं रंगवत. थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याला शिडीवर गरगरायचं, म्हणून छतं कायम दादाच्या वाट्याला. मान मागे टाकून, हात वर धरून त्याची उमेदीची वर्षं गेली.

मग त्याच्या दंडाला खाज सुटली. पुरळ नाही, फोड नाही, पण खाजवून खाजवून रक्त यायचं. मलमं झाली, साबण बदलून झाले. बर्फ चोळला की तेवढ्यापुरती थांबायची. भावजयीने त्याचा टॉवेल वेगळा वाळत घालायला सुरुवात केली आणि मुलांना त्याच्याजवळ बसू देईनाशी झाली. दादाने ते गिळलं.

एके सकाळी तो नव्या कामावर पोचला, तर घरमालकाने दारातच अडवलं. तुमचे भाऊ म्हणाले, तुम्हाला लागण झालीय. घरात तान्हं मूल आहे. आत धाकटा रंग ढवळत होता. त्याने मान वर केली नाही.

दादा तडक कातडीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी हात पाहिला, कामाचं विचारलं आणि मानेचा फोटो काढायला लावला. मणके झिजले होते.

"कातडी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मानेत नस दाबली गेलीय, म्हणून हात खाजतो. हे कुणाला लागत नाही. छतांची कामं मात्र बंद."

त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट डोकं आणखीच फिरलं. घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. भावजय आत निघून गेली. धाकटा मात्र खुलला.

"मग काही प्रश्नच नाही. उद्यापासून ये. तिथलं छत राहिलंय."



"तुझ्या वाटची छतं रंगवून मान गेली माझी," दादा म्हणाला. "आणि तू मला दारोदार रोगी ठरवलंस. आता तू चढ."

त्याच दिवशी आपले ब्रश आणि कपडे घेऊन तो बाहेर पडला.

आता तो एका खोलीत राहतो आणि फाटकं, खिडक्या, दारं रंगवतो. गोळ्यांनी खाज निम्म्यावर आलीय, गेलेली नाही. परवा रंगाच्या दुकानदाराने धाकट्याचा निरोप दिला, परत ये म्हणून. वर म्हणाला, काही झालं तरी भाऊ आहे.

"म्हणूनच," दादा म्हणाला, आणि त्याने फाटकासाठी काळ्या ऑइलपेंटचा डबा मागितला.