माझा फोन ऐकला का, हे मी सरकारला विचारलं

मी फोनवर काय बोलते हे ऐकायला सरकारला वेळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अजूनही नीट वाटत नाही. पण एकदा शंका आली आणि मग ती जाईना.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या कोरड्या बाजूला आहे. पाटाचं पाणी वरची गावं घेतात आणि आमच्या टोकाला नुसता ओला चिखल येतो. मंत्री तालुक्याला येणार असं कळलं तेव्हा आम्ही पाच बायकांनी त्याला गाठायचं ठरवलं. कुठं गाठायचं ते मी माझ्यापाशी ठेवलं. सभेला पोलीस असणार, रस्त्यावरही असणार. पण दुपारी तो एका लग्नाच्या कार्यालयात जेवणार होता, आणि पानावर बसलेला माणूस लगेच उठून पळत नाही. भाकरी करणाऱ्या बायकांबरोबर मागच्या दारानं आत जायचं. चौघींना मी हे सकाळी निघताना सांगणार होते. आधी सांगितलं फक्त नणंदेला, फोनवर.

नणंद सातारा जिल्ह्यात, दहिवडीजवळ दिली आहे. दोघींचेही नवरे गेले. मोबाईल आल्यापासून दुपारचं जेवण झालं की एक जण दुसरीला फोन लावते. सुना, गुडघे, पाऊस, कोण मेलं. एक दिवस चुकला नव्हता. तिचा थोरला मुलगा साताऱ्याला पोलिसात आहे.

मंत्री यायच्या दिवशी सकाळी सात वाजता दारात जीप उभी राहिली. दोन पोलीस बाया आणि एक हवालदार.

"आजी, चला. ठाण्यात चहा घिऊ."

"चहा माज्या चुलीवर बी हाय."

"आवं आजी, मागच्या दारानं जेवायला निघाला हुता न्हवं? त्यापरास आमच्याकडं जेवा."

संध्याकाळपर्यंत आम्हा पाचजणींना बाकावर बसवलं, वडापाव दिला. मंत्री जेवून गेल्यावर सोडलं. परत येताना चौघी मलाच विचारत होत्या, "मागचं दार कसलं गं?"

मला दुसरं काही सुचलंच नाही. मी नणंदेला सांगितलं, तिनं लेकाला सांगितलं, लेकानं इकडं कळवलं. त्या दुपारी ठाण्यात बसले होते तेव्हाच तिचा फोन तीनदा वाजला. मी उचलला नाही. पुढं पंधरा दिवस वाजत राहिला, मग बंद झाला.

सहा महिने असे गेले. मी चौथी शिकले, पण पेपर रोज पहिल्या पानापासून वाचते. एक दिवस त्यात कुणा मोठ्या माणसांचे फोन चोरून ऐकल्याचं आलं होतं. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. असंही झालं असेल तर? मग नणंदेचा काय गुन्हा?

गावातली एक मुलगी सांगलीत विश्रामबागला वकिली करते. तिच्याकडं गेले. तिनं आधी हसून घेतलं, मग नीट सांगितलं. पोलिसाच्या मनात आलं म्हणून फोन ऐकता येत नाही. मुंबईत गृहखात्याच्या सचिवाची लेखी परवानगी लागते. कारण लिहावं लागतं, तेही मोठं, देशाची सुरक्षा वगैरे. फार घाई असली तर खालचा मोठा अधिकारी परवानगी देतो, पण ती वरून मंजूर करून घ्यावी लागते. मुदत असते. एक समिती मागाहून कागद तपासते.

"सचिवानं माज्या मागच्या दारावर सही केली म्हणतीस?"

"मी तसं म्हणत न्हाई आजी. नियम सांगते. पोलिसाला कार्यालयाच्या आचाऱ्याकडनं बी कळलं असंल."

"आचाऱ्याला मी काय सांगितलंच न्हवतं. बरं, ऐकणारा बसतो कुठं? त्याला आमची बोली कळती का? आमी हसलो तर त्यो बी हसतो का?"

"ते मला न्हाई माहीत."

"आन ज्याचं ऐकलं त्याला कवा सांगत्यात?"

"सांगत न्हाईत."

"सगळं झाल्यावर बी?"

"झाल्यावर बी. ठरावीक काळानं नोंदी नष्ट करतात."

हे मला सगळ्यात नवल वाटलं. घरावर जप्ती येते तेव्हा दार वाजवतात, पंच आणतात, तांब्यापासून यादी करून सही घेतात. इथं कुणी येऊन गेलं की नाही हेच घरमालकाला कळायचं नाही.

तिनं माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला. मी माझ्या अक्षरात लिहिलं. माझा नंबर, तो महिना, आणि खाली एकच प्रश्न: माझा फोन ऐकला का, हो किंवा नाही लिहावे. महिन्यानं उत्तर आलं. कायद्याचं एक कलम आणि "सदर माहिती देता येत नाही". म्हणजे ऐकला. मी वकिलीणबाईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, तसा अर्थ होत नाही. मग मी अपील केलं.

अपिलाला सांगलीला बोलावलं. तिथला साहेब माझ्या नातवाच्या वयाचा होता. बसायला खुर्ची दिली. मी म्हटलं, "साहेब, ऐकला नसंल तर 'नाही' लिहायला तुमचं काय जातं?"

"आजी, ज्यांचं ऐकत नाही त्यांना आम्ही 'नाही' असं लिहून दिलं, तर ज्याला उत्तर मिळणार नाही तो काय समजेल?"

मी विचार केला. "त्याचं ऐकताय असं समजंल."

"म्हणून सगळ्यांना एकच उत्तर."

त्याचं बरोबर होतं. त्याला खोटं ठरवायला मला जागा सापडेना, म्हणून जास्तच राग आला. खाली उतरताना दुसरा विचार आला. समजा त्यानं "नाही" लिहून दिलं असतं, तर मी तो कागद घेऊन घरी आले असते आणि नणंदेशी जन्मभर बोलले नसते. अनोळखी माणसाच्या एका शब्दावर. आणि जिला खरं माहीत होतं तिला मी एकदाही विचारलं नव्हतं.

घरी गेले नाही. स्टँडवर जाऊन विट्याची गाडी धरली, तिथून दहिवडीची. फोन केला नाही.

ती सोप्यात बसून बाजरी पाखडत होती. आयुष्यभर मला अगंतुगं करणारी बाई, म्हणाली, "या वैनी. तुमी वाट चुकला वाटतं."

मी उभ्यानंच विचारलं. "मागच्या दाराचं तू लेकाला सांगितलं हुतंस का?"

तिनं सूप खाली ठेवलं. "आट म्हैनं ह्ये हुतं व्हय? मला वाटलं तू मेलीस. मग कळलं, बाकीच्यांचं फोन उचलतीस."

"सांगितलंस का?"

"न्हाई. लेक माज्याशी बोलतो कवा? दिवाळीला. तुला ह्ये आज सुचलं?"

मी अर्जाचं, अपिलाचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "सरकारला इचारलंस. मला इचाराया तोंड न्हवतं?"

"सरकार परकं हाय. त्याला इचाराया सोपं."

"आता पटलं?"

तिच्याकडंही कागद नव्हता. मी "पटलं" म्हटलं. खरंच पटलं होतं का ते मला सांगता येणार नाही. मी तसं ठरवलं होतं, एवढं खरं.

तिनं जेवायला वाढलं, पण बजावलंही. "फोन कर. पर असलं काय ठरवशील ते मला सांगू नगं. परत काय झालं तर परत मीच."

आता रोज फोन होतो. पाणी काही आलेलं नाही आणि आम्ही पाचजणी पुन्हा जमतो आहोत. परवा बोलता बोलता ती म्हणाली, "औंदा कुठं गाठायचं म्हणता?" आणि मी तोंड उघडायच्या आत घाईनं, "न्हाई, नगं. सांगू नगं."

मी सांगणारच होते.