कढत पाण्यात धुतलेली सुई

आमच्या घरचं सोवळं इतकं कडक होतं की दूधवालासुद्धा पायरीच्या खाली उभा राहून, हात लांब करून वरूनच भांड्यात दूध ओतायचा. बंगळूरच्या बसवनगुडीत सोवळ्याची घरं बरीच होती, पण आमच्या आईची सर कुणाला नव्हती. वडील गेल्यावर तर तिने सगळा जीव स्वयंपाकघरातच ओतला. मी कॉलेजातून आले की मला तिथे पाऊल टाकायची मनाई, आणि वहिनी, म्हणजे अण्णाची बायको, आत जायची ती आधी नखशिखांत न्हाऊन. वहिनी पुण्याची. आम्ही 'जरा थांब'ला 'स्वल्प थांब' आणि 'बरं, बरं'ला 'सरी, सरी' म्हटलं की ती पहिले काही महिने नुसती बघत राहायची. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरला राहून आमची मराठी अशी झाली होती, आणि त्याचं आम्हाला काहीच वाटत नव्हतं. मी वहिनीला खूप चिडवलं, पण ती चिडायची नाही. मला याचाच राग यायचा.

अण्णा माझा मोठा भाऊ. एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचा. आपण हाताने ओढलेली रेघ पाहून साहेब पट्टी शोधायला लागतो, असं तो स्वतःच सांगायचा. बढाया मारण्यात तो हार जाणारा नव्हता, पण रेघ खरोखरच सरळ असायची.

साठ सालानंतर कधीतरी त्याला मूतखड्याची कळ सुरू झाली. कळ आली की हा एवढा थोरला माणूस जमिनीवर गडाबडा लोळायचा. डॉक्टरांनी पेथिडिनची, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकाची, सुई लावून दिली, कंपाउंडर घरी येऊन टोचून जाऊ लागला. पुढे कंपाउंडरची वाट कोण बघणार म्हणून अण्णा स्वतःच टोचून घ्यायला शिकला. आधी मांडीत, मग शिरेत. खडा पडून गेला, सुई मात्र राहिली. औषध कुठून यायचं ते मला कधी कळलं नाही. दार लावून बसलेला अण्णा बाहेर यायचा तेव्हा फार गोड बोलायचा. आम्ही तिघी ते गोड बोलणं ऐकून घ्यायचो आणि 'कळ आली होती' एवढंच एकमेकींना सांगायचो.

काचेची ती सिरिंज आणि सुया एका चपट्या डबीत असत. वहिनीने अगदी सुरुवातीलाच आईला विचारलं होतं, "अहो आई, एवढं चुलीवर उकळून घेऊ का?"

"रक्ताला लागलेली वस्तू माझ्या चुलीवर? स्वल्प विचार करून बोल बाई."

पण आई दुष्ट नव्हती. लेकाची वस्तू स्वच्छ असावी असं तिलाही वाटत होतं. तिने तोडगा काढला: न्हाणीघरात तांब्याचा हंडा दिवसभर तापलेला असायचा, त्यातलं कढत पाणी तांब्याभर घ्यायचं, सिरिंज त्यात खळखळून धुवायची आणि धुतलेल्या फडक्याने पुसून ठेवायची. फडकंसुद्धा तिने स्वतः फाडून दिलं, मऊ जुन्या धोतराचं. इतकी निगा आमच्या घरात देवाच्या भांड्यांचीच होत असे. हात घालता येईल अशा पाण्याने जंतू मरत नाहीत, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी विज्ञान शिकत होते, तरी माझ्याही नाही.

मग ताप आला. संध्याकाळी हुडहुडी, पहाटे घाम. घरच्या डॉक्टरांनी आधी विषमज्वर म्हटलं, पण ताप काही हटेना आणि अण्णाचं तोंड पांढरंफटक पडलं. शेवटी मोठ्या इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर वयस्क होते, कन्नड बोलायचे, घाई अजिबात करायचे नाहीत. त्यांनी अण्णाच्या छातीला नळी कितीतरी वेळ लावून ठेवली आणि मग आम्हाला बाजूला बोलावलं.

हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलंय, ते म्हणाले. तिथे गाठी धरल्यात, वाळक्या भाकरीच्या चुऱ्यासारख्या ठिसूळ. त्यातला एखादा कण सुटून रक्ताबरोबर मेंदूत गेला तर अर्धांग होतं. सगळ्यात वाईट हे पहिले दिवस. औषध लागू पडलं तर धोका दिवसागणिक उतरत जाईल. पण जंतू दातातून आले की कातडीतून, हे कळल्याशिवाय नेमकं औषध ठरवता येणार नाही.

"अम्मा, हे सुया टोचून घेत होते का?"

आई म्हणाली, "नाही. आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही."

डॉक्टरांनी अण्णाच्या हाताकडे पाहिलं. कोपराच्या आतली शीर वाळलेल्या दोरीसारखी झाली होती. ती त्यांना दिसली होती, पण त्यांना आमच्या तोंडून ऐकायचं होतं. आईच्या चेहऱ्यावरचा तो ताठा मला चांगला ठाऊक होता; तो आला की वडीलही गप्प बसत.

तेव्हा वहिनी पुढे झाली. भाजीवालीशी दोन वाक्यं बोलतानाही अडखळणारी ही बाई, "डॉक्टर, निज हेळ्तीनि," म्हणाली आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, क्रियापदांची पार वाट लावत, सगळं खरं सांगून मोकळी झाली. पेथिडिन, शीर, डबी, न्हाणीतलं पाणी, सगळं. आई तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली. घरी परतताना बसमध्ये ती वहिनीच्या शेजारी बसली नाही.

डॉक्टरांनी औषध बदललं. पेनिसिलिनचं प्रमाणही कितीतरी वाढवलं. पेथिडिन एकदम तोडलं तर हा माणूस इस्पितळातून पळून जाईल म्हणून तेही थोडं थोडं कमी करत देत होते. अण्णा घामाघूम व्हायचा, आम्हाला शिव्या द्यायचा, मग रडायचा. पण ताप उतरायला लागला. एकदा त्याने इडली मागून खाल्ली, तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन गेले. त्याने पेला धरला, काहीतरी चेष्टेचं बोलायला तोंड उघडलं आणि पेला त्याच्या हातातून सरळ खाली गेला. मी ओरडले, "अण्णा, नीट धर की!" त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. आपलं काय झालंय हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं, ते मी विसरू शकत नाही.

तो वाचला. डॉक्टर म्हणाले की औषध वेळेवर बदललं नसतं तर एवढंही हाती लागलं नसतं. पण उजवा हात लाकडासारखा झाला आणि बोलण्यात एकच शब्द उरला, 'सरी'. भूक लागली का, सरी. दुखतंय का, सरी. डोळ्यांवरून खरं उत्तर ओळखायला फक्त वहिनी शिकली. आराखडे संपले.

अण्णा इस्पितळातून सुटायच्या आधी वहिनीने डॉक्टरांना गाठून विचारलं, आणि मी शेजारीच होते. ते म्हणाले, सुई दर वेळी उकळली असती तर हा रोग बहुधा झालाच नसता. माझ्या आत भडका उठला. मी घरी जाऊन आईच्या तोंडावर हे सांगणार होते, अगदी याच शब्दांत. वहिनीने माझं मनगट धरलं. "वन्सं, आईंना सांगायचं नाही." मी म्हटलं, तुम्ही कोण मला अडवणार? तिने मनगट सोडलं नाही. मी गप्प बसले, पण मनातून मुळीच नाही. कित्येक आठवडे आईशी तुटक बोलत राहिले.

थंडीत गांधी बाजारात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागले. एका दुपारी परसात आई आणि वहिनी शेंगा सोलत बसल्या होत्या. अण्णा उन्हात खुर्चीवर डुलक्या घेत होता, मी पायरीवर पुस्तक धरून. आईने मान वर न करता विचारलं, "तू डॉक्टरांशी बोललीस ना? ती सुई मी चुलीवर उकळू दिली असती तर?"

मी पुस्तक मिटलं. आता वहिनीला आयती संधी होती. कुणी तिला बोल लावला नसता, मी तर नाहीच.

"त्याने काही फरक पडला नसता, आई," वहिनी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तरीही झालंच असतं."

हातातली शेंग तशीच ठेवून आईने तिच्याकडे पाहिलं. "पुण्याला तुला खोटं बोलायला कुणी शिकवलेलं दिसत नाही," ती म्हणाली, आणि मांडीवरच्या शेंगा खाली सांडत तिने वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकलं. वहिनीने त्या दिवशी अंघोळसुद्धा केलेली नव्हती.