मायची चौथी ओळ

माय गेली त्याला दोन वर्षं झाली. तिचा आवाज माझ्याकडे एका जुन्या हार्ड डिस्कवर आहे, आणि ती डिस्क आता खरखरते. हिंगणघाटला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या डिस्क वाचवतो मी, आणि घरच्या डिस्कची ही गत. हसायचं तर हसा.

माय गिरडच्या बाजूची, तिची भाषा गोंडी. आम्हा पोरांशी ती वऱ्हाडीतच बोलायची. गोंडी फक्त मावशीशी, आणि मावशी गेल्यावर कोणाशीच नाही. तिचं एक पाळण्याचं गाणं होतं, चार ओळींचं. लहानपणी रोज ऐकूनही मला नुसती चाल यायची. शब्द हाती राहावेत म्हणून एका उन्हाळ्यात दुपारी तिला माइकसमोर बसवलं.

कॉम्प्युटर रडतखडत चालायचा, म्हणून मीच डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, सेटिंगमध्ये जाऊन राइट कॅशिंग चालू केलं होतं. त्यात मशीन ‘लिहिलं’ म्हणतं, पण मजकूर थोडा वेळ मेमरीत धरून ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. तेवढ्यात लाइन गेली की धरलेलं सगळं गेलं. बॅटरीशिवाय हे चालू करू नका, असं गिऱ्हाइकांना मी घसा फोडून सांगतो. स्वतःच्या घरी मात्र अक्कल गहाण ठेवली होती.

आणि मायची सवय अशी, की काम झालं की भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद. पंखा असो, मिक्सर असो. गाणं संपलं, पडद्यावर ‘सेव्ह झालं’ आलं, मी पाणी प्यायला उठलो आणि मागून खट्ट.

"झालं ना बापा? मंग फुकटची लाइन काऊन जाळून राह्यला?"

मी हसलो. तपासलंसुद्धा नाही. माय घरातच आहे, केव्हाही पुन्हा म्हणेल, असं वाटलं.

गेल्या महिन्यात तिची फार आठवण आली म्हणून फाइल उघडली, तर अडकली. डिस्कचा तेवढा भाग खराब झालेला. ड्रायव्हर दोन-तीनदा वाचून पाहायचा आणि हात वर करायचा. मी कॅशिंग बंद केलं, पुन्हा वाचण्याचे प्रयत्न वाढवले, थांबायची मुदतही वाढवली. यात डिस्क कायमची बसायची भीती असते. पण खराब तुकडे गाळून वाचलं असतं, तर मायचे शब्दच गळले असते. शटर अर्धं ओढून दिवसभर डिस्कपुढे बसलो. वाच ना वं, म्हणत राहिलो.

संध्याकाळी आवाज आला. पहिली ओळ म्हणून माय थांबते. दुसरी म्हणून थांबते. मला वाटलं डिस्क अडकली, पण मागे पंख्याचा आवाज चालूच होता. तिसऱ्या ओळीनंतर ती म्हणते, "म्हन ना तू बी, माझ्यामागं."

मग माझा आवाज, वैतागलेला. "तू गाऊन घे ना माय, मले नको म्हनायले लावू. रेकॉर्ड होऊन राह्यलं ना."

फाइल तिथेच संपते. मायने बटन बंद केलं तेव्हा चौथी ओळ मेमरीतच होती, डिस्कवर उतरलीच नव्हती, त्यामुळे हजारदा वाचायला लावलं तरी येणार नाही. गोंडी येणारं आता घरात कोणी नाही.

माय, तेव्हा एकदा तुझ्यामागं म्हटलं असतं, तर ती ओळ आज माझ्याजवळ असती.