छातीच्या फोटोवरचा डाग

एक्सरेच्या खोलीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून शर्ट काढून समोर उभे राहतात! ऐंशीच्या दशकात नागपूरपलीकडच्या सौंसरला एका डॉक्टरांकडे मी एक्सरे काढायचो. डॉक्टर फिल्म वाचायचे, आणि मग आम्ही दोघं मिळून गोंधळात पडायचो.

आज हसू येतं. पण तेव्हा छातीत डाग म्हणजे टीबी, हे सगळ्यांना पाठ होतं. डाग निघाला की घरात ताट वेगळं, आणि ठरलेली सोयरीक मोडलीच म्हणून समजा.

*

बोरगावच्या एका संत्रेवाल्याला मी म्हटलं, छातीवरचा ताईत काढा. फिल्म धुतली, तर फुप्फुसात चौकोनी डाग! डॉक्टर म्हणाले, इतक्या सरळ कडांचा टीबी मी पुस्तकातही पाहिला नाही.

मी आत जाऊन पाहिलं. जामसांवलीच्या मारुतीहून आणलेला ताईत त्यानं पाठीवर टाकला होता.

"तुमी छाती म्हनली साहेब, म्हनून मांगं केला."

*

एका पहेलवानाच्या उजव्या बाजूला खाली गोल डाग दिसला. डॉक्टरांनी त्याला नागपूरला पाठवलं. तिथं सांगितलं, हा डाग नाही, स्तनाग्राची सावली आहे. माणूस परत आला तो खूश होऊन नाही, विचारात पडून.

"ते तं दोन असतात ना डाक्टरसाहेब. मंग दुसरं कुठं गेलं?"

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली. मीही पाहिलं.

*

एकदा जो येईल त्याच्या फिल्मवर एकाच जागी डाग. साथ आली की काय! डॉक्टरांनी मला उभं केलं, मलाही डाग. दुपारी घरी सांगितलं, तर बायकोनं लगेच माझं ताट वेगळं केलं. संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतःचा फोटो काढायला लावला. त्यांनाही तिथंच!

तेव्हा कुठं आम्ही फिल्म ठेवायची कॅसेट उघडून नीट पाहिली. आतल्या पडद्यावर फिल्म धुण्याच्या औषधाचा शिंतोडा वाळला होता. तो पुसला आणि अख्खं सौंसर बरं झालं. ज्यांना डाग सांगितला होता त्यांना बोलावून नवे फोटो काढून दिले. बायकोलाही सगळं समजावलं.

"मशीनचा डाग तुमच्या आंगात आलाच नसन, हे कोन सांगन?" ती म्हणाली. ताट काही दिवस वेगळंच राहिलं.

*

पांढुर्ण्याच्या एका गुरुजींनी मुलाचं लग्न सौंसरच्या मुलीशी ठरवलं होतं. मुलगी खोकते, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. म्हणून ते नवऱ्या मुलाला घेऊन आले, आणि मुलीला तिच्या वडिलांसह दवाखान्यात बोलावलं.

मुलीच्या फिल्मवर उजवीकडे वरती लांबट डाग होता. मुलीचे वडील मटकन खाली बसले. गुरुजी म्हणाले, आम्हाला माफ करा, हे जमणार नाही.

डॉक्टरांचं लक्ष मुलीच्या वेणीकडे गेलं. चांगली जाड वेणी, खांद्यावरून रुळत होती. ती डोक्यावर बांधायला लावून मी दुसरा फोटो काढला. एकदम साफ! मला इतका आनंद झाला की मीच तिच्या वडिलांना हात धरून उठवलं.

गुरुजींना मात्र पटेना. दोन्ही फिल्मा खिडकीशी धरून ते विचारत राहिले, केसांचा कुठं डाग पडतो का, आणि यातला खरा फोटो कोणता?

मुलीनं नवऱ्या मुलाकडे बोट दाखवलं.

"मंग ह्यांचाबी काढा," ती म्हणाली.

गुरुजी हसले, म्हणाले, काढा की. मुलानं शर्ट, बनियन, गळ्यातली साखळी, सगळं काढलं. कॅसेट तीच घेतली, जिच्यावर मुलीचा फोटो साफ आला होता. मी ओली फिल्म डॉक्टरांच्या हातात दिली.

डाग होता. उजवीकडे, वरती.

डॉक्टरांनी फिल्म उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. गुरुजी उठले, मुलाच्या मागे गेले, आणि त्याच्या उघड्या मानेवरून, खांद्यावरून हात फिरवत काहीतरी शोधत राहिले.